कालनिर्णयवरचे ग्रॅम

मांजराचं पिल्लू सापडलं की घरातला पहिला माणूस दूध आणायला पळतो. हे ठाण्याजवळच्या आमच्या दिवा स्टेशनच्या वस्तीत, दिव्यात, मी इतकं बघितलंय की आता कोणी फोन करून "अगं पिल्लू सापडलंय, दूध किती पाजू?" विचारलं की मी उलट विचारते, पोटाला हात लावून बघ, गार लागतंय का? समोरचा वैतागतो, त्याला वाटतं ही विषय बदलतेय. विषय तोच आहे खरं तर. गार पडलेल्या पिल्लाची आतडी चालतच नसतात, दूध पचत नाही, पोटात तसंच पडून राहतं, आणि गिळायची ताकद नसली तर थोडं श्वासनलिकेतून फुप्फुसात जातं. ते पिल्लू भुकेने आणखी काही तास तरी काढू शकलं असतं, दुधाने नाही काढत. आधी ऊब, मग दूध. एवढं एकच वाक्य दिव्याच्या फाटकावर मोठ्या अक्षरात लावावं असं मला खूपदा वाटतं, नेत्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरमध्ये कुठे जागा उरली तर.

मी डॉक्टर वगैरे नाहीये. ठाण्यात एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, दिवा ते ठाणे रोजची लोकल, घरी सासूबाई, नवरा आणि गेल्या पावसाळ्यापासून एक मांजर. जे काय शिकले ते जवळ डॉक्टर नव्हता म्हणून शिकले. आता कोणी म्हणेल ठाण्यासारख्या शहरात जनावरांचा डॉक्टर नाही असं कसं होईल, तर आहेत ना, नौपाड्यात आहेत, घोडबंदर रोडला पेट क्लिनिकच्या पाट्या दिसतात. दिवा ते ठाणे मधे मुंब्रा आणि कळवा, दोनच स्टेशनं. पण रात्रीचे साडेदहा, धो धो पाऊस, गाड्या लेट, आमच्या बाजूचं एकमेव क्लिनिक संध्याकाळी दोन तास उघडतं ते कधीच बंद झालंय आणि तिथेही जास्त करून कुत्र्यांचंच काम, अशा वेळी त्या पाट्यांचा काही उपयोग नसतो. सरकारी जनावरांचा दवाखाना म्हणाल तर पशुसंवर्धन खात्याचं सगळं गणित गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांवर बसवलेलं. १९६२ नंबरवर फोन केला की फिरत्या दवाखान्याची गाडी येते ती सुद्धा मुळात गोठ्यासाठी. यात चूक काही नाही, ज्याची दुभती म्हैस आडवी पडलीये त्याच्याकडे गाडी आधी जायला पाहिजे. मोठी हॉस्पिटलं मुंबईत. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल १८८३ पासूनचं, पण हे नाव सांगून कोणी ओळखणार नाही, बैलघोडा म्हणा, जुना टॅक्सीवाला डोळे मिटून सोडेल. पशुवैद्यकीय कॉलेजही परळलाच, १८८६ चं. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं नवीन हॉस्पिटल २०२४ साली सुरू झालं. सगळं आहे, पण स्लो लोकलने तासाच्या अंतरावर, आणि मुठीत मावणारं पिल्लू घेऊन सकाळची दिव्याची गर्दी म्हणजे काय ते ज्याने त्या प्लॅटफॉर्मवर पाय ठेवलाय त्याला सांगायला नको.

शिवाय अंतर फक्त किलोमीटरचं नसतं. कन्सल्टेशन, रिक्षा, अर्ध्या दिवसाची रजा, औषधं, असं सगळं मिळून जो आकडा होतो तो रस्त्यावरच्या मांजरासाठी घरात बोलून दाखवायची लाज वाटते. आमच्या मजल्यावर महिनाअखेरीला सिलिंडर पुढे ढकलणारी घरं आहेत. त्यांनी पिल्लू उचललं नाही म्हणून त्यांना निर्दयी म्हणणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

तर आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली लाइटचे मीटर आहेत, तिथे जुने फ्लेक्स, रंगाचे डबे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असा सगळा पसारा. तिथे एक तिरंगी मांजर व्यायची, आणि ती व्याली की दोन-चार दिवस बिल्डिंगमधली पोरं शाळेतून आली की आधी तिकडे. मी खरं तर पिल्लं उचलायच्या विरोधातच होते, अजूनही आहे. पिल्लं एकटी दिसली म्हणजे अनाथ झाली असं नसतं, आई खायला शोधत तासन् तास बाहेर असते. आणि मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात तेही उगीच नाही, जागा धोक्याची वाटली, माणसांची वर्दळ वाढली की ती एकेकाला मानेला धरून हलवते, मधल्या वेळात दोन इकडे तीन तिकडे अशी वाटणी झालेली असते, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी दयाळू माणूस येऊन दोघांना उचलून नेतो. सासूबाईंची यावर गावची युक्ती आहे, पिल्लांच्या भोवती जमिनीवर कणीक भुरभुरायची. आई येऊन गेली असेल तर पावलं उठतात. आम्ही तेच केलं. दुपारी पावलं होती, पाच पिल्लांची तीन झाली, मग दोन. म्हणजे ती शिफ्टिंग करत होती, बरोबर चाललं होतं तिचं.

रात्री पाणी भरलं. जिन्याखाली आधी घोट्यापर्यंत, मग मीटरपर्यंत जाईल की काय अशी भीती, लाइट घालवलेली. दोघांना फळीवर उचलून ठेवलं होतं तिथेही शिंतोडे. आई आली नाही, येणार तरी कशी, गल्लीचा नाला झालेला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "आण गो वर, सकाळी बघू."

एक काळं, एक केशरी. काळं पहाटेच गेलं.

केशरी वाचलं त्याचं पहिलं श्रेय आंब्याच्या पेटीला. राजापूरहून आलेली हापूसची पुठ्ठ्याची पेटी जुलैपर्यंत माळ्यावर पडून असतेच आमच्याकडे. त्यात गोधडीचा तुकडा, आणि एका बाजूला कोल्ड्रिंकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती नवऱ्याच्या मोज्यात घालून ठेवलेली. एकाच बाजूला, हे महत्त्वाचं. दुसरी बाजू मोकळी पाहिजे, कारण तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता सांभाळता येत नाही, गार पडतं तसं चटकन तापतंही, आणि तापलं तर सरकायला जागा हवी. हीटिंग पॅड वगैरे विकत मिळतं म्हणे, पण आमच्याकडे पावसात लाइटचा भरवसा नाही त्यामुळे बाटलीच बरी. बाटली निवली की परत भरायची, रात्रभर. अंग हळूहळू गरम करायचं, तासभर तरी लागतो, शेकोटीजवळ धरून पटकन नाही. मग कधीतरी ते तोंड उघडून ओरडलं, आवाज असा की एवढ्याशा पेटीतून निघालाय यावर विश्वास बसेना, आणि सासूबाई म्हणाल्या आता दूध मागतंय बघ.

इथे मला सासूबाईंबद्दल बोलायलाच पाहिजे. त्यांनी तीन मुलं वाढवली, गावात लोकांची बाळंतपणं केली, आणि त्यांचं ज्ञान बहुतेक सगळं मांजराला लागू पडलं. हात गरम करून मगच हात लावायचा. पाजून झालं की खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटायचं. टाळू... नाही, टाळूचं काही लागू नाही पडलं. पण जे लागू पडत नाही ते असलं होतं की त्यावर वाद घालावाच लागला. त्या पिल्लाला मांडीवर उताणं घेऊन पाजायला निघाल्या, बाळाला पाजतात तसं. मांजराच्या पिल्लाला पोटावरच ठेवून पाजायचं, आईच्या पोटाला लुचताना ते जसं असतं तसं, डोकं किंचित वर, बस. उताणं पाजलं की दूध फुप्फुसात. मध चाटवायचं म्हणाल्या, गुटी उगाळू का म्हणाल्या. आणि गाईचं दूध पाणी घालून, हे तर सगळ्यात वर.

दुधाचं गणित असं की मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. मुळात गाईचं दूध पिल्लाला पातळ, त्यात आपण पाणी घालणार, म्हणजे पोट भरल्यासारखं वाटेल आणि अंगाला काही लागणार नाही, वर लॅक्टोजने जुलाब. शेळीचं दूध चालतं असं खूप जण सांगतात, शेळीच्या दुधातही लॅक्टोज असतंच. पिल्लांसाठी दुधाची वेगळी पावडर मिळते, मिल्क रिप्लेसर. सकाळी ठाण्यातल्या एका डॉक्टरांचा नंबर मिळाला, ते म्हणाले पावडर मिळेपर्यंत ओआरएसचे कोमट थेंब द्या, सावकाश, आणि नवऱ्याला पावडर आणायला पाठवा. हा बिचारा लोकल पकडून गेला, पहिल्या दुकानात नव्हती, दुसऱ्या दुकानात कुत्र्याच्या पिल्लाची होती, तिसरीकडे मिळाली. डब्याची किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या माझ्या नातवंडांनाही इतकं महाग दूध पाजलं नाही.

किती पाजायचं, तर एका वेळेला वजनाच्या शंभर ग्रॅमला चार मिली, पोटच तेवढं. आमचं १७२ ग्रॅमचं होतं, म्हणजे सात मिलीच्या आत, तीन-चार तासांनी, रात्रीही. डोळे नुकते उघडलेले, निळे, कान अजून डोक्याला चिकटल्यासारखे, दात नाहीत, यावरून डॉक्टरांनी दोन आठवड्यांचं धरलं, आणि त्या वयाला हे वजन कमीच. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने शी-शूची जागा हलकी चोळायची, कारण इतकी लहान पिल्लं स्वतःहून करत नाहीत, आई चाटते तेव्हाच होते. हे काम नवऱ्याने केलं, आणि ऑफिसच्या ग्रुपवर काय करतोयस विचारल्यावर खरं लिहिलं, त्यावर पुढे बरेच दिवस त्याची थट्टा चालली होती.

आणि वजन. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली मुख्य गोष्ट वजन आहे, प्रेमबिम सगळं ठीक आहे. आमच्या समोरच्या मावशी घरून केकच्या ऑर्डरी घेतात, त्यांच्याकडे एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. रोज सकाळी पहिल्या दुधाच्या आधी काट्यावर स्टीलचा डबा ठेवायचा, शून्य करायचं, पिल्लू डब्यात. ते वळवळायचं, आकडा नाचायचा, एक क्षण थांबलं की वाचायचा. आणि सासूबाई तो आकडा कालनिर्णयवर लिहायच्या. त्या चौकटीत आमच्याकडे आधीपासून सगळं असतं, दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर कधी लावला, संकष्टी छापलेली, तिच्याच शेजारी बॉलपेनने १७२. दुसऱ्या दिवशी १७९. मग १९१. पिल्लू दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं तर गाडी रुळावर आहे असं समजायचं.

मग १९०. मग १८४.

आता बघा, त्या दिवशी पिल्लू मला ठीकच वाटत होतं. ओरडत होतं, बाटली चोखत होतं. काटा नसता तर मी ऑफिसला निघून गेले असते. काट्याने सांगितलं म्हणून फोन केला. आणि हा फोन आधीच्या फोनपेक्षा वेगळा होता, कारण आधी मी सांगायचे "जरा सुस्त वाटतंय डॉक्टर", आणि डॉक्टर बिचारे विचारायचे सुस्त म्हणजे किती, आणि मला सांगता यायचं नाही. यावेळी म्हटलं १९१ वरून दोन दिवसांत १८४, शी पिवळी पातळ, दूध इतकं इतकं घेतंय, हिरड्या फिकट गुलाबी. तिकडून लगेच प्रश्न, पावडर पाण्यात किती घालताय, चमचा सपाट की शिगोशीग, अंगावर पिसवा आहेत का? व्हिडिओ कॉल लावा, हिरडी दाखवा. आणि मग, आज संध्याकाळी घेऊन या, उद्या नको. लांबच्या डॉक्टरला हात लावता येत नाही, तपासता येत नाही, त्याच्याकडे फक्त आपण सांगू ते असतं, तर जे सांगायचं ते आकड्यात सांगावं हे मला हिशोबाच्या कामातली असून त्या दिवशी पटलं. कालनिर्णयचा फोटो काढून पाठवला त्यांना. ते म्हणाले माझ्या क्लिनिकमधले अर्धे पेशंट एवढी माहिती आणत नाहीत.

फोनवरच्या सल्ल्याचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, मी जीपेने पाठवले. मुक्या जनावराचं काम म्हणून डॉक्टरने फुकट बघावं अशी एक समजूत आपल्याकडे आहे, तीच माणसं स्वतःच्या सर्दीला तीनशे रुपये गुपचूप देतात. तो रात्री अकराला फोन उचलतो ना, मग? असे चार डॉक्टर तरी टिकले पाहिजेत आमच्या बाजूला, फुकटात कोण टिकेल.

संध्याकाळी शबनममध्ये टॉवेल, टॉवेलात पिल्लू, शेजारी मोजाबंद बाटली, लेडीज डब्यात एका बाईने जागा दिली आणि ठाण्यापर्यंत पिल्लाच्या नावाने गप्पा मारल्या. निघालं काय तर पिसवा. एवढ्याशा जिवाला पंधरा-वीस पिसवा असल्या तरी त्या रक्त पिऊन हिरड्या पांढऱ्या पाडू शकतात. आणि पिल्लू इतकं लहान की औषध मारता येत नाही, तर बारीक दातांच्या फणीने विंचरायचं, फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची, कोमट पाण्याने मानेपासून खाली पटकन धुवायचं आणि लगेच कोरडं करून परत ऊब. जंताचं औषध वजनावर, म्हणजे पुन्हा काटा.

यातच एक सांगते. पिसवांचं औषध विचारायला नवरा आधी एका दुकानात गेला होता तर दुकानदाराने कुत्र्याच्या मानेवर लावायचे थेंब दिले, "मांजराला निम्मे लावा" म्हणून. बॉक्सवर बारीक अक्षरात परमेथ्रिन. कुत्र्याला ते चालतं, मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही, झटके येऊन मांजर मरतं, निम्म्याचा प्रश्नच नाही. माणसांच्या मेडिकलमध्येही हाच प्रकार, डोळे चिपडांनी चिकटले होते तेव्हा काउंटरवरच्या मुलाने माणसांचे डोळ्याचे थेंब पुढे केले, त्यात स्टिरॉइड होतं. पिल्लांच्या डोळ्यात बऱ्याचदा हर्पीसचा विषाणू असतो, बुबुळावर जखम असेल तर स्टिरॉइडने ती चिघळते, डोळा जातो. आम्ही उकळून गार केलेल्या पाण्याने कापूस भिजवून चिपडं मऊ करायचो, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, आणि थेंब फक्त डॉक्टरांनी नाव लिहून पाठवलेले. तापाला क्रोसिनचा तुकडा देऊ का असं शेजारच्या काकांनी अगदी मनापासून विचारलं होतं, आणि मला त्यांचा हातच धरावा लागला कारण पॅरासिटामॉल मांजराला सरळ विष आहे, एका गोळीत मोठं मांजर जातं. डेटॉलच्या पाण्याने अंग पुसणंही नको, फिनेलने पुसलेल्या ओल्या लादीवर सोडणंही नको, ते पाय चाटतात आणि सगळं पोटात. म्हणजे आपल्या मध्यमवर्गीय घरात स्वच्छतेची म्हणून जी जी बाटली असते ती मांजराच्या वाईटावर. डॉक्टर जवळ नसतो तेव्हा माणूस घरातल्या कपाटाकडे बघतो, आणि ते कपाट मांजरासाठी धोक्याचं, ही खरी गोम आहे.

घरी काय होतं आणि काय नाही याची रेघ डॉक्टरांनीच आखून दिली. ऊब, दूध, कापूस, फणी, डोळे पुसणं, वजन हे घरचं. तोंड उघडं टाकून श्वास, नाकातून दूध येणं, पांढऱ्या हिरड्या, ऊब देऊनही अंग गार, झटके, यात गुगल करायचं नाही, रिक्षा पकडायची, कितीला पडेल ते नंतर बघू. आणि तरीही काही पिल्लं जातात. आमचं काळं गेलं ते आम्ही काय केलं असतं तरी गेलं असतं असं डॉक्टर म्हणाले, खरं म्हणाले की बरं वाटावं म्हणून म्हणाले, मी विचारलं नाही.

पुढचं भराभर झालं. चौथ्या आठवड्यात पुढचे बारीक दात, तांदळाच्या कणीएवढे, सिरिंजचं टोक चावायला लागलं तेव्हा कळलं. मग दुधात कालवलेलं मऊ खाणं. इथे परत दूध-पोळी विरुद्ध मांसाहार असा आमच्या स्वयंपाकघरात आठवडाभर खटला चालला. मराठी घरातलं मांजर म्हणजे दूधभात आणि दूध-पोळी हे ठरलेलं, पण मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो तो मांस-मासळीतूनच मिळतो, तो नाही मिळाला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतं. मांदेली उकडून काटे काढून द्यायचो, आणि उकडलेलं पाणीही त्यातच, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. कच्ची मासळी नको, त्यात बी-वन जीवनसत्त्व मोडणारं काहीतरी असतं, आणि नुसत्या मासळीवरही ठेवायचं नाही, बरोबर पिल्लांचं कोरडं खाणं भिजवून. मांजराच्या शी-शूसाठी विकत मिळणाऱ्या लिटरच्या पिशवीचा खर्च मात्र वाचला. गुठळ्या होणारं लिटर इतक्या लहान पिल्लाला द्यायचं नसतं, ते चाटून पोटात फुगतं. आणि दिव्यात वाळूला काय तोटा, दर दुसऱ्या प्लॉटवर बिल्डिंग चढतेय, सासूबाईंनी वॉचमनला विचारून घमेलंभर आणली, चाळणीने चाळून, उन्हात वाळवून.

नाव चिंगी ठेवलं होतं. समोरच्या मावशींचा मुलगा पहिल्यापासून सांगत होता की केशरी मांजरं जास्त करून बोके असतात, त्याला कोणी भीक घातली नाही. लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी शेपूट वर केली आणि केस पेपरवर चिंग्या लिहिलं. लसही काही चैन नाही हो. आठ आठवड्यांना तिहेरी, मग तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, तीन महिन्यांना रेबीजची. पॅनल्युकोपेनिया म्हणून जो पिल्लांचा रोग आहे त्याचा विषाणू जमिनीवर, पायपुसण्यावर वर्षभर टिकतो, साबणाने मरत नाही, ब्लीचने मरतो. जिन्याखालची आधीची वेतं एका आठवड्यात साफ व्हायची आणि सगळे म्हणायचे बोक्याने मारली, दृष्ट लागली, ती बहुतेक यानेच गेली असावीत असं मला आता वाटतं.

रेबीजवरून आठवलं, चिंग्याने सासूबाईंना खेळताना ओरबाडलं, रक्त आलं. त्या हळद लावून मोकळ्या झाल्या होत्या. मी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावला, घड्याळ लावून, आणि कळव्याला पालिकेच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथे ही इंजेक्शनं फुकट आहेत, शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस दिवशी दंडात छोटी छोटी. त्या सगळ्या रस्ताभर म्हणत होत्या घरचंच तर आहे. घरचंच आहे, पण अजून लस पूर्ण व्हायची होती आणि त्याची आई रस्त्यावरची. रेबीज झाला तर उपाय नाही, आणि लस कळव्यात आहे, यावर माझ्याकडे दुसरा काही मुद्दा नव्हता, तेवढाच पुरला.

गणपतीला गावी जायचं होतं, दिवा-सावंतवाडीची गर्दी तुम्हाला माहीत आहे, त्यात मांजर नेणं अशक्य. समोरच्या मावशींकडे ठेवला, बदल्यात मावशींना येताना काजू आणि कोकमं. परत आलो तर कालनिर्णयवर त्यांच्या अक्षरात आकडे, रोजचे, आता किलोत. मी सांगितलंही नव्हतं.

तिरंगी मांजर पाऊस ओसरल्यावर परत दिसली, तिने आधीच हलवलेली तीन पिल्लं घेऊन, बी विंगच्या गॅरेजमध्ये. चिंग्याला तिच्याकडे नेऊन दाखवला तर तिने फिस्कारून पंजा उगारला, संपलं नातं. आणि आमच्यात तेव्हाच ठरलं की आता पिल्लं वाचवण्यावर पैसे घालायचे नाहीत, हिच्यावर घालायचे. भाटी, म्हणजे मांजराची मादी, चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत पिल्लं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण. एका पिल्लाच्या पावडरीला, रिक्षांना, औषधांना आमचा जो खर्च झाला त्यात एका भाटीची नसबंदी आरामात झाली असती, हा हिशोब मी खरंच मांडला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये तो हिशोब तासाभरात वर सरकून गेला, पण तिघांनी पैसे पाठवले. एका संस्थेकडून पिंजरा उसना मिळाला, आत सुकट ठेवली, तिरंगी दुसऱ्याच रात्री अडकली. ऑपरेशन झालं, डाव्या कानाचं टोक किंचित कापलं, ती खूण म्हणजे हिचं झालंय, परत पकडू नका. दोन दिवस मीटरच्या खोलीत पुठ्ठ्यावर ठेवली, मग सोडली. तिच्या पोरींपैकी एकीचंही झालं.

बी विंगखाली एक काळीपांढरी आहे, तिचं राहिलंय. ती पिंजऱ्याभोवती फिरते, आत बघते आणि निघून जाते. सुकट झाली, बोंबील झाले, मटणाचं हाड झालं. सासूबाईंचं म्हणणं आहे पिंजऱ्यावर आमच्या घरचा वास येतोय, तो चुलीच्या राखेने घासून काढ. दिव्यात चूल कुठून आणू असं मी म्हटलं, तर त्या खालच्या इस्त्रीवाल्याकडे कोळशाची राख मागायला गेल्यात.